व्यक्तिचित्रातील दुःख आणि धैर्य

छायाचित्रणाच्या अनेक शाखा आहेत. निसर्गाचे चित्रण आहे, वास्तूंचे आहे, समारंभांचे आहे. या सर्वांत समाजाच्या दृष्टीने अधिक जबाबदारीची शाखा म्हणजे वास्तवाची नोंद करणारे व्यक्तिचित्रण. कष्टात, अभावात किंवा अन्यायात जगणाऱ्या माणसाचा चेहरा त्याच्या खऱ्या परिस्थितीसह टिपणे आणि ते चित्र त्या परिस्थितीशी संबंध नसलेल्या लोकांपुढे ठेवणे, हे या शाखेचे कार्य आहे. वरवर पाहता हे सोपे वाटते. कॅमेरा आता प्रत्येकाच्या खिशात आहे आणि दुःखाला आपल्या देशात तोटा नाही. तरीही एका छायाचित्रापुढे आपण थबकतो आणि दुसऱ्यापुढे केवळ हळहळून पुढे जातो. असे का घडते, याचा विचार या लेखात आम्ही करू इच्छितो. निवासी शाळेशी नाते असलेल्या प्रत्येकाला हा विचार उपयोगाचा वाटेल, असा आमचा विश्वास आहे. आपल्या संस्थांतील मुलांची छायाचित्रे देणगीदारांपुढे, अहवालांत आणि स्मरणिकांत सतत जात असतात, आणि त्या छायाचित्रांत मूल कसे दिसते यावर समाज त्या मुलाकडे कसे पाहील हे पुष्कळ अंशी ठरत असते.

दुःख पाहणे आणि दुःखाचे कारण पाहणे

दुःख आहे, ही तथागतांच्या शिकवणीतील पहिली गोष्ट. मात्र ती शिकवण तेथे थांबत नाही. दुःखाला कारण आहे आणि ते दूर करता येते, हा तिचा पुढचा आणि अधिक महत्त्वाचा भाग आहे. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाची परंपरागत कथा स्वीकारली नाही. वयाच्या एकोणतिसाव्या वर्षापर्यंत ज्याने म्हातारा, आजारी किंवा मृत माणूस पाहिलाच नाही, असा मनुष्य असणे बुद्धीला पटत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांनी त्या कथेऐवजी रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात उद्भवलेला संघर्ष पुढे ठेवला. यामागील विचार मोलाचा आहे. दुःख दृष्टीस पडणे ही काही विशेष घटना नव्हे. ते रोजच दृष्टीस पडते. ते माणसामाणसांतील व्यवहारातून कसे निर्माण होते, हा प्रश्न विचारला जाणे ही विशेष घटना होय.

व्यक्तिचित्राला लावावयाची कसोटीही हीच आहे. जे चित्र पाहून ‘बिचारा!’ एवढाच उद्गार निघतो, ते दुःख दाखविते. ‘हे असे का? याला जबाबदार कोण?’ असा प्रश्न जे चित्र उभा करते, ते दुःखाचे कारण दाखविते. आणि ज्या चित्रातील माणूस त्या परिस्थितीत असूनही त्या परिस्थितीएवढा लहान झालेला दिसत नाही, ते चित्र धैर्य दाखविते. हे कसे साधते, ते समजण्यासाठी काही प्रसिद्ध उदाहरणे आपण क्रमाने पाहू.

नमुना आणि माणूस

प्रथम एक विरुद्ध उदाहरण घेऊ. ब्रिटिश राजवटीत १८६८ ते १८७५ या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’ या नावाचा आठ खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. जॉन फोर्ब्स वॉटसन आणि जॉन विल्यम के हे त्याचे संपादक. त्यात साडेचारशेहून अधिक छायाचित्रे असून ती हिंदुस्थानातील निरनिराळ्या जाती-जमातींची आहेत. छायाचित्रे स्पष्ट आहेत, वेशभूषेचे तपशील नीट टिपलेले आहेत. परंतु बहुतेक चित्रांखाली त्या माणसाचे नाव नाही. तेथे जातीचे किंवा जमातीचे नाव आहे. सोबतच्या मजकुरात त्या संपूर्ण समूहाच्या स्वभावाविषयी सरसकट शेरे आहेत. कोण विश्वासू, कोण कष्टाळू, कोण उपद्रवी, हे राज्यकर्त्यांच्या सोयीने ठरविलेले आहे.

कॅमेऱ्यासमोर जिवंत माणूस उभा होता. ग्रंथात मात्र त्याचा नमुना झाला. वस्तुसंग्रहालयातील दगडाला चिठ्ठी लावावी, तशी त्याला जात लावली गेली. ज्यांच्या पूर्वजांना पिढ्यान्‌पिढ्या नावाऐवजी जातीने हाक मारली गेली, त्या आपल्या समाजाला या चित्रांतील उणीव समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. तंत्र निर्दोष असूनही चित्र माणसाला लहान करू शकते, एवढे यावरून ध्यानात घ्यावे.

शिक्षकाने हाती घेतलेला कॅमेरा

याच्या नेमके उलट कार्य अमेरिकेतील लुईस हाइन या गृहस्थांनी केले. हाइन यांचा जन्म १८७४ चा. ते न्यूयॉर्कमधील एका शाळेत शिक्षक होते आणि विद्यार्थ्यांना शिकविण्याचे साधन म्हणून त्यांनी प्रथम कॅमेरा हाती घेतला. १९०८ पासून त्यांनी बालमजुरीविरुद्ध लढणाऱ्या राष्ट्रीय समितीसाठी छायाचित्रे काढण्यास आरंभ केला. पुढील सुमारे दशकभर ते कापडगिरण्या, कोळशाच्या खाणी, काचेचे कारखाने आणि शेते यांतून हिंडले. या कार्यातील त्यांची पाच हजारांहून अधिक छायाचित्रे आज अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयात जतन केलेली आहेत.

कारखानदार त्यांना आत येऊ देत नसत. म्हणून कधी बायबल विकणारा, कधी पोस्टकार्डे विकणारा, तर कधी आगीची तपासणी करणारा अधिकारी असे सोंग घेऊन ते आत शिरत. मुलांची उंची मोजण्यासाठी पट्टी बाहेर काढणे शक्य नसे. तेव्हा आपल्या कोटाच्या कोणत्या बटणापर्यंत मुलाचे डोके पोहोचते, यावरून ते उंची काढीत. खिशात हात घालून आतल्या आत कागदावर टिपणे करीत. मुलाचे नाव, वय, उंची, कामाचे तास, मजुरी आणि कामावर लागून किती काळ झाला, यांपैकी जेवढे मिळेल तेवढे ते लिहून ठेवीत. दक्षिण कॅरोलायनातील एका गिरणीत १९०८ साली काढलेल्या चित्रातील मुलीची उंची ४८ इंच असून ती सहा महिन्यांपासून कामावर आहे, अशी त्यांची नोंद आहे. चित्रात ती सूतकताईच्या लांबच लांब यंत्राशेजारी उभी आहे आणि यंत्रांची रांग तिच्यामागे दूरवर गेलेली आहे. यंत्र केवढे आणि मूल केवढे, हे पाहणाऱ्याला निराळे सांगावे लागत नाही.

हाइन यांच्या चित्रांत तीन गोष्टी पुन्हा पुन्हा दिसतात. पहिली, त्यांचा कॅमेरा पुष्कळदा मुलांच्या डोळ्यांच्या पातळीवर असतो. प्रौढ माणूस उभा राहून वरून लहान मुलाचे चित्र काढतो तेव्हा मूल अधिकच केविलवाणे भासते. समान पातळीवरून काढल्यास ते आपल्या समोर, आपल्या बरोबरीने उभे राहते. दुसरी, मुले पुष्कळदा थेट आपल्याकडे पाहतात. पेनसिल्व्हेनियातील पिट्‌स्टन येथे १९११ साली त्यांनी कोळसा निवडणाऱ्या मुलांचा जो समूह टिपला, त्यातील चेहरे काजळीने माखलेले आहेत. परंतु त्या नजरा याचना करीत नाहीत. तिसरी गोष्ट म्हणजे चित्राला जोडलेली लेखी नोंद. ‘हे खोटे आहे’ असे म्हणण्यास कारखानदाराला जागा राहू नये, एवढी ती नेमकी असे. डोळ्यांना चित्र पटावे आणि बुद्धीला नोंद पटावी, अशी ही जोडी होती.

ज्या वर्षांत ही चित्रे अमेरिकेत पाहिली जात होती आणि बालमजुरीवर वाद चालू होता, त्याच १९१३ ते १९१६ या वर्षांत बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्राचा अभ्यास करीत होते, हेही वाचकांनी लक्षात घ्यावे. १९१६ साली अमेरिकेत बालमजुरीला आळा घालणारा एक संघीय कायदा झाला. १९१८ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरविला. मुलांच्या श्रमावर टिकाऊ संघीय निर्बंध येण्यास १९३८ साल उजाडावे लागले. केवळ छायाचित्रांनी कायदा होत नाही; त्यामागे संघटना, वकील, कामगार आणि लोकप्रतिनिधी यांचे दीर्घ परिश्रम असतात. तथापि ज्यांनी गिरणीचे आतले दालन कधी पाहिले नव्हते, त्यांच्या डोळ्यांपुढे ते उभे करण्याचे काम या चित्रांनी केले. स्वतः हाइन १९४० साली निधन पावले ते विपन्नावस्थेत, हीदेखील इतिहासाचीच नोंद आहे.

एका आईचे चित्र आणि त्या आईचे म्हणणे

जगातील अत्यंत प्रसिद्ध व्यक्तिचित्रांत ‘मायग्रंट मदर’, म्हणजे स्थलांतरित आई, या चित्राची गणना होते. ते डोरोथिया लँग यांनी मार्च १९३६ मध्ये कॅलिफोर्नियातील निपोमो या गावी काढले. महामंदीचा तो काळ होता. दुष्काळ आणि धुळीची वादळे यांनी उद्ध्वस्त झालेली कुटुंबे कामाच्या शोधात पश्चिमेकडे येत होती. निपोमो येथे वाटाण्याची तोडणी करण्यासाठी मजूर जमले होते. पण थंडी-पावसाने पीक नासले आणि मजुरांची उपासमार होऊ लागली. आपल्याकडील ऊसतोडणीसाठी गाव सोडणाऱ्या कुटुंबांची स्थिती ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ही परिस्थिती परकी वाटणार नाही.

लँग यांना बालपणी पोलिओ झाला होता आणि त्यांच्या चालण्यात जन्मभर लंगडेपणा राहिला. या व्यंगाने आपल्याला घडविले, असे त्या सांगत. सॅन फ्रान्सिस्को येथे श्रीमंतांची व्यक्तिचित्रे काढण्याचा त्यांचा व्यवसाय होता. मंदीच्या काळात बेकारांच्या रांगा पाहून त्या रस्त्यावर उतरल्या आणि १९३५ पासून सरकारच्या एका खात्यासाठी ग्रामीण दारिद्र्याची छायाचित्रे काढू लागल्या. हे खाते पुढे ‘फार्म सिक्युरिटी अॅडमिनिस्ट्रेशन’ या नावाने ओळखले गेले.

निपोमो येथील छावणीत त्यांनी त्या स्त्रीची काही मोजकीच छायाचित्रे काढली. आरंभीच्या चित्रांत तंबू, सामान आणि सभोवतालची उघडी जमीन दिसते. मग त्या टप्प्याटप्प्याने जवळ गेल्या. शेवटच्या चित्रात तंबू जवळजवळ नाहीसा झाला आहे. बत्तीस वर्षांची आई मध्यभागी आहे. दोन्ही बाजूंना दोन मुले पाठमोरी होऊन तिच्या खांद्यावर टेकली आहेत, मांडीवर तान्हे मूल निजले आहे. मुलांचे चेहरे दिसत नसल्यामुळे पाहणाऱ्याची दृष्टी आईच्याच चेहऱ्यावर स्थिरावते. तिचा एक हात गालाशी गेला आहे आणि ती आपल्याकडे न पाहता दूर कोठेतरी पाहते आहे. कपाळावर चिंता आहे, पण पाठ वाकलेली नाही. मुलांना जो आधार मिळतो आहे, तो तिच्याच शरीराचा आहे. दुःख आणि धैर्य ही येथे वेगळी दाखविता येत नाहीत. तोच चेहरा दोन्ही सांगतो.

छायाचित्रे सॅन फ्रान्सिस्कोच्या वृत्तपत्रात आली आणि सरकारने त्या छावणीकडे सुमारे २०,००० पौंड धान्य व अन्नपदार्थ पाठविले. येथपर्यंतची कथा अनेकदा सांगितली जाते. तिचा उत्तरार्ध मात्र क्वचितच सांगितला जातो, आणि आमच्या मते तोच अधिक शिकण्याजोगा आहे. अन्न पोहोचले तोवर ते कुटुंब कामाच्या शोधात तेथून पुढे निघून गेले होते. लँग यांनी त्या स्त्रीचे नाव लिहून घेतले नव्हते. चित्र जगभर छापले गेले. ती मात्र चाळीसहून अधिक वर्षे निनावी राहिली. १९७८ साली कॅलिफोर्नियातील एका वृत्तपत्राच्या वार्ताहराने तिला शोधून काढले, तेव्हा फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे तिचे नाव लोकांना समजले. या चित्रातून आपल्याला काहीही मिळाले नाही आणि ते काढले गेले नसते तर बरे झाले असते, अशी खंत तिने व्यक्त केली. त्या दिवसाविषयीच्या लँग यांच्या नोंदीतील काही तपशीलही तिच्या कुटुंबीयांना मान्य नव्हते. ती चेरोकी या मूळनिवासी जमातीची होती. ही गोष्टही दीर्घकाळ कोणाला ठाऊक नव्हती. ज्या जमातीला तिच्या भूमीवरून हुसकावले गेले, त्या जमातीची ती बेघर मजूर म्हणून हिंडत होती, हा त्या दुःखाच्या कारणाचा एक मोठा भाग चित्राखालच्या ओळीतून गळून पडला.

१९८३ साली ती अखेरच्या आजारात असताना तिच्या मुलांनी मदतीचे आवाहन केले, तेव्हा त्या चित्रामुळे ओळख पटलेल्या असंख्य लोकांनी पैसे पाठविले. त्या वर्षी तिचे निधन झाले. एका चित्राने अनेकांचे भले केले, ही गोष्ट खरी. ज्या माणसाच्या चेहऱ्यावर ते भले उभे राहिले, त्याला विचारले गेले नाही, ही गोष्टही तितकीच खरी. या दोन्ही गोष्टी एकत्र लक्षात ठेवूनच लँग यांच्या कलेचा गौरव केला पाहिजे.

झाडू, ध्वज आणि सव्वीस वर्षांची नोकरी

त्याच सरकारी खात्यात १९४२ साली गॉर्डन पार्क्स हे एक तरुण छायाचित्रकार आले. तेथे काम करणारे ते पहिले कृष्णवर्णीय छायाचित्रकार. १९१२ साली कॅन्सस राज्यात एका गरीब कुटुंबातील पंधरा भावंडांत सर्वांत धाकटे म्हणून ते जन्मले. रेल्वेच्या भोजनयानात वाढप्याचे काम करीत असताना एका नियतकालिकात स्थलांतरित मजुरांची छायाचित्रे पाहून त्यांनी जुना कॅमेरा विकत घेतला होता. वॉशिंग्टनला आल्यावर खात्याचे प्रमुख रॉय स्ट्रायकर यांनी त्यांना प्रथम कॅमेऱ्याविना शहरात फिरून येण्यास सांगितले. दुकान, उपाहारगृह, चित्रपटगृह, सर्वत्र त्यांना वर्णामुळे अपमान सोसावा लागला. संतापून परतलेल्या पार्क्स यांना स्ट्रायकर यांनी त्याच इमारतीत साफसफाई करणाऱ्या एका स्त्रीशी बोलण्यास सुचविले. तिचे नाव एला वॉटसन.

पार्क्स यांनी तिला राष्ट्रध्वजासमोर उभे केले. तिच्या एका बाजूला झाडू आहे, दुसऱ्या बाजूला फरशी पुसण्याचे साधन. ती शांतपणे, सरळ उभी आहे. ग्रँट वूड यांच्या ‘अमेरिकन गॉथिक’ या १९३० सालच्या प्रसिद्ध चित्रात शेतकरी आणि त्याची मुलगी आपल्या घरासमोर अशीच ताठ उभी आहेत. पार्क्स यांनी आपल्या छायाचित्राला तेच नाव दिले. ध्वज समतेचे आश्वासन देतो आणि झाडू त्या आश्वासनाची प्रत्यक्ष स्थिती सांगतो. असे चित्र प्रसिद्ध झाले तर आपणा सर्वांच्या नोकऱ्या जातील, असे स्ट्रायकर म्हणाले होते, अशी आठवण पार्क्स यांनी सांगितली आहे.

परंतु पार्क्स तेवढ्यावर थांबले नाहीत, आणि हाच मुद्दा आम्हाला अधोरेखित करावयाचा आहे. पुढील काही आठवडे त्यांनी एला वॉटसन यांचे संपूर्ण जीवन टिपले. रात्री कार्यालये झाडताना, घरी नातवंडांसह, दत्तक मुलीबरोबर, देवघरासारख्या सजविलेल्या मेजाजवळ, प्रार्थनामंदिरात. या मालिकेतील एका नोंदीत म्हटले आहे की, त्या सव्वीस वर्षे सरकारी नोकरीत होत्या आणि वर्षाला १,०८० डॉलर एवढ्या पगारावर सहा जणांचे कुटुंब चालवीत होत्या. ध्वजासमोरचे एकटे चित्र अन्याय सांगते. संपूर्ण मालिका पाहिल्यावर त्या स्त्रीचे कर्तृत्व कळते. ती सफाई करणारी आहेच. पण ती कुटुंबप्रमुख आहे, श्रद्धावान आहे, शेजाऱ्यापाजाऱ्यांत मानाची आहे. माणूस एका कामाएवढा नसतो, हे सांगण्यासाठी एक क्षण पुरत नाही. त्यासाठी छायाचित्रकाराला त्या माणसाच्या सहवासात दिवस काढावे लागतात.

मुंबईच्या रस्त्यांवर

हे उदाहरण वाचताना मुंबईच्या सफाई कामगारांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. मुंबईतील छायाचित्रकार सुधारक ओलवे यांनी महानगरपालिकेच्या सफाई कामगारांचे जीवन वर्षानुवर्षे टिपले. या कामगारांत दलित समाजाचे प्रमाण अतिशय मोठे आहे आणि त्यांत धम्मदीक्षा घेतलेली कुटुंबेही पुष्कळ आहेत. ओलवे यांच्या कृष्णधवल चित्रांत कचऱ्याचे ढीग, गटारांची तोंडे आणि त्यांत उतरणारी माणसे आहेत. त्याचबरोबर त्या माणसांची घरे आणि त्यांची माणसेही आहेत. २०१६ साली त्यांना पद्मश्री देऊन गौरविण्यात आले.

आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या घरी आजोबांनी किंवा वडिलांनी हे काम केलेले आहे. ते काम लपविण्याची वृत्ती समाजात आहे, कारण त्या कामाला चिकटलेली लाज ही काम देणाऱ्या व्यवस्थेची नसून करणाऱ्याची आहे, असे मनावर बिंबविले गेले. अशा चित्रांचे मोल येथे आहे. शहर स्वच्छ ठेवणारा माणूस स्वतः कोणत्या अवस्थेत काम करतो, हे दाखवून ती चित्रे लाज ज्याची त्याच्याकडे परत पाठवितात. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेला २०१३ च्या कायद्याने मनाई आहे. तरीही गटारांत माणसे मृत्युमुखी पडल्याच्या बातम्या थांबलेल्या नाहीत. कायदा झाल्यानंतरही साक्षीची गरज संपत नाही, हे हाइन यांच्या काळाप्रमाणे आजही खरे आहे.

धैर्य म्हणजे हसू नव्हे

या सर्व उदाहरणांवरून व्यक्तिचित्राची काही अंगे स्पष्ट होतात. कॅमेऱ्याची उंची पाहणारा आणि पाहिला जाणारा यांच्यातील नाते ठरविते. अंतर ठरविते की आपण परिस्थिती पाहणार आहोत की चेहरा; चांगला छायाचित्रकार दोन्ही देतो. प्रकाश बाजूने, खिडकीतून किंवा दारातून आला तर चेहऱ्यावरील रेषा, हातावरील भेगा आणि कापडाची वीण स्पष्ट होते. समोरून झगझगीत प्रकाश टाकला की चेहरा सपाट होतो. हात हा तर चेहऱ्याएवढाच बोलका अवयव आहे. चेहऱ्यावर माणूस ताबा ठेवू शकतो; हातांवर कामाची नोंद राहून जाते. आणि चित्राखालची ओळ हे सर्व एका विशिष्ट माणसाशी, स्थळाशी आणि काळाशी जोडते.

धैर्याविषयी एक गैरसमज येथे दूर केला पाहिजे. हसरा चेहरा दाखविला की धैर्य दिसते, असे पुष्कळांना वाटते. अमेरिकेतील गुलामगिरीतून निसटून आलेले थोर नेते फ्रेडरिक डग्लस हे एकोणिसाव्या शतकात त्या देशातील सर्वाधिक छायाचित्रे काढली गेलेले पुरुष मानले जातात. त्यांची सुमारे १६० वेगवेगळी छायाचित्रे ज्ञात आहेत. त्यांतील बहुतेक चित्रांत ते हसत नाहीत. गुलाम आनंदी असतो, या गोऱ्या समाजाच्या सोयीच्या समजुतीला त्यांना खतपाणी घालावयाचे नव्हते. उत्तम पोशाख, करारी मुद्रा आणि स्थिर नजर ही त्यांनी जाणीवपूर्वक निवडलेली भाषा होती.

आपल्या घराघरांतील बाबासाहेबांच्या छायाचित्रांकडे या दृष्टीने पाहावे. कोट, टाय, हातात ग्रंथ किंवा पुढ्यात लेखणी. ज्या समाजाला अंगावर धड वस्त्र घालण्यास आणि अक्षर शिकण्यास मज्जाव होता, त्या समाजातील एका पुरुषाने जगापुढे स्वतःला कसे सादर करावे, याचा तो निर्णय होता. त्या छायाचित्राने झोपडीतील मुलाला जे सांगितले, ते अनेक भाषणांनी सांगता आले नसते. दुसऱ्याने आपले चित्र कसे काढावे हा एक प्रश्न आहे. आपण स्वतःला कसे दाखवावे हा त्याहून मोठा प्रश्न आहे.

आपल्या संस्थांसाठी काही विचार

निवासी शाळा लोकाश्रयावर चालतात. देणगी मागताना मुलांची छायाचित्रे द्यावी लागतात, आणि अधिक दीन चित्राला अधिक देणगी मिळते, असा एक समज रूढ आहे. प्रवेशाच्या दिवशीचे मळके कपडे, विस्कटलेले केस आणि रडवेला चेहरा यांचे चित्र आणि वर्षभरानंतरचे गणवेशातील चित्र शेजारी शेजारी छापण्याची पद्धतही दिसते. यामागील हेतू वाईट असतो असे नाही. परंतु ते मूल उद्या मोठे होईल, शिक्षक, परिचारिका किंवा अभियंता होईल आणि तो अहवाल त्याच्या हाती पडेल. त्या वेळी त्याला आपले चित्र पाहून काय वाटेल, हा प्रश्न छापण्यापूर्वी विचारला पाहिजे. फ्लॉरेन्स थॉम्पसन यांनी १९७८ साली जी खंत बोलून दाखविली, ती आपल्या एकाही विद्यार्थ्याच्या तोंडून ऐकण्याची वेळ येऊ नये.

याकरिता काही साध्या गोष्टी पाळता येतील. छायाचित्र काढण्यापूर्वी मुलाला आणि पालकांना ते कशासाठी काढले जात आहे हे त्यांच्या भाषेत सांगावे, आणि नकार मिळाल्यास तो मनापासून स्वीकारावा. मुलाचे चित्र त्याच्या डोळ्यांच्या पातळीवरून काढावे. वस्तू स्वीकारण्यासाठी हात पसरलेल्या मुलापेक्षा फळ्यावर गणित सोडविणारे, वाचनालयात पुस्तक शोधणारे किंवा सायंकाळच्या वंदनेला बसलेले मूल अधिक खरे आहे, कारण त्याचा दिवस प्रत्यक्षात तसाच जातो. काढलेल्या चित्राची एक प्रत कुटुंबाला द्यावी. ज्या बालकांना कायद्याच्या दृष्टीने संरक्षणाची गरज आहे, त्यांची ओळख उघड करण्यास बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ ने मनाई केली आहे, याचेही भान ठेवावे. गरिबी लपवू नये. मात्र गरिबीचे कारणही सोबत सांगावे. गावात शाळा किती अंतरावर आहे, आईवडील वर्षातील किती महिने कामासाठी बाहेर असतात, हे दोन ओळींत लिहिले तरी देणगीदाराच्या मनात दयेऐवजी समज निर्माण होते. समजून दिलेली देणगी अधिक काळ टिकते.

माजी विद्यार्थ्यांना एक विनंती करावीशी वाटते. आपल्यापैकी पुष्कळांच्या आजी-आजोबांचे एकही छायाचित्र उपलब्ध नाही. असलेच तर शिधापत्रिकेसाठी किंवा ओळखपत्रासाठी काढलेले, टपाल तिकिटाएवढे. ज्या पिढीने स्वतः न शिकता आपल्याला वसतिगृहात धाडले, त्या पिढीतील जी माणसे आज हयात आहेत, त्यांना दाराजवळच्या उजेडात निवांत बसवून त्यांचे एक छायाचित्र काढावे. त्यांना हवी ती साडी, हवा तो फेटा त्यांना घालू द्यावा. हात चौकटीबाहेर राहू देऊ नयेत. घाई करू नये. बोलणे सुरू ठेवावे. मग त्या चित्रामागे पूर्ण नाव, गाव, अंदाजे वय, त्यांनी आयुष्यभर केलेले काम आणि छायाचित्राचे साल स्पष्ट अक्षरांत लिहावे. मोबाईलमधील चित्र हरवते. म्हणून त्याची एक कागदी प्रत घरी ठेवावी आणि शक्य असल्यास दुसरी शाळेच्या संग्रहासाठी पाठवावी. आपल्या शाळेची आरंभीची वर्षे ज्यांच्या श्रमांवर उभी राहिली, त्या स्वयंपाकीण मावशी, पहारेकरी, पालक आणि शिक्षक यांची नावेही त्याच काळजीने लिहून ठेवण्यासारखी आहेत.

हे काम करण्यासाठी महागडा कॅमेरा लागत नाही आणि कलावंत असण्याचीही अट नाही. समोरच्या माणसाला बरोबरीचे मानणे, त्याचे नाव विचारणे आणि ते अचूक लिहिणे, एवढ्या गोष्टी ज्याला जमतात, त्याने काढलेले चित्र पन्नास वर्षांनंतरही साक्ष देईल. आपल्या शाळेतील मोठ्या वर्गांच्या विद्यार्थ्यांनी येत्या सुट्टीत आपापल्या गावी जाऊन अशी किमान एक नोंद करून आणावी, असे आम्ही सुचवितो. पालकांनी त्यांना त्यासाठी वेळ द्यावा आणि घरातील वडीलधाऱ्यांनी संकोच न करता कॅमेऱ्यासमोर बसावे.